शिक्षा : कठोर की निश्चित?

गुन्हेगारास जबर शिक्षा केली की इतरांना जरब बसते, असा समज रूढ आहे. परंतु शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चिती अधिक परिणामकारक असते, असे बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच प्रतिपादिले होते. भारतातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस दर १०० कैद्यांपैकी सुमारे ७६ जण खटल्याच्या निकालाचीच वाट पाहत होते. तेथे निश्चिती कोठली? उलट, औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले आणि कैद्यांना कोंडून न ठेवता कुटुंबासह शेती करू दिली. बहुतेक कैदी अखेर समाजातच परततात. ते रिकाम्या हातांनी परतावेत की कष्टाची सवय घेऊन, हे आपणच ठरवावयाचे आहे.