जुन्या ट्रॅक्टरला डिझेल-सूचक दिवा

पेरणीचे दिवस असावेत, पावसाने उघडीप दिलेली असावी, रानाला नेमका वापसा आलेला असावा आणि अशा वेळी ट्रॅक्टर अर्ध्या तासावर आचके देऊन बंद पडावा, हा प्रसंग जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. टाकीत काठी घालून पाहावी तो तिचे टोक जेमतेम ओले होते. समोरच्या फळीवरील इंधनाचा काटा कित्येक हंगामांपूर्वीच एका जागी खिळलेला असतो व त्याच्याकडे पाहण्याची सवयही सुटलेली असते.

पेट्रोलच्या गाडीत इंधन संपल्यास ते आणून ओतले म्हणजे बहुधा काम भागते. डिझेल इंजिनाचे तसे नाही. टाकी कोरडी पडताच नळ्यांत व पंपात हवा शिरते. चालकांच्या भाषेत इंजिन ‘एअर घेते’. मग फिल्टरावरील स्क्रू ढिला करून हातपंप मारीत राहावे लागते व बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत थांबावे लागते. हीच क्रिया पुढे इंजेक्शन पंपावर करावी लागते. तेवढ्याने न भागल्यास इंजेक्टरांच्या नळ्यांचे नट सैल करून इंजिन फिरवावे लागते. माहीतगार माणूस जवळ नसेल, तर स्टार्टर मारमारून बॅटरीही उतरते. शिवाय टाकीच्या तळाचा गाळ व पाणी फिल्टराकडे ओढले जाते, आणि पंपाचे अत्यंत अचूक बसविलेले भाग ज्या डिझेलने वंगणित व्हावयाचे तेच त्यांना मिळेनासे होते. उसाने भरलेली ट्रॉली घेऊन रात्री रस्त्यावर असा ट्रॅक्टर थांबला, तर मागून येणाऱ्या वाहनाला तो काळच ठरू शकतो.

यावर एक अल्पखर्ची उपाय आहे. टाकीतील पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की पेटणारा दिवा जुन्या ट्रॅक्टरलाही बसविता येतो. स्कूटरच्या ‘रिझर्व्ह’ची खूण जे काम करीत असे, तेच हा दिवा करतो, मात्र इंजिन अडखळण्यापूर्वी करतो.

याकरिता उभ्या दांडीचा फ्लोट-स्विच सोयीचा पडतो. दांडीच्या पोकळीत रीड-स्विच व तिच्यावर खालीवर सरकणाऱ्या फ्लोटमध्ये चुंबक असतो. डिझेल उतरले की फ्लोट खाली येतो व संपर्क जुळतो. बहुतेक स्विचांत फ्लोट उलटा घातल्यास क्रियाही उलट होते. म्हणून टाकीत बसविण्याआधी डब्यातील डिझेलमध्ये बुडवून व वर काढून खात्री करून घ्यावी. काही मोटारींत याऐवजी थर्मिस्टर असतो. तो डिझेलमध्ये बुडालेला असताना थंड राहून प्रवाह अडवितो, उघडा पडला की तापतो आणि दिवा लावतो. शेतकऱ्याला मात्र फ्लोट-स्विच समजण्यास व दुरुस्त करण्यास सोपा आहे.

स्विच जुन्या निकामी सेन्सरच्या जागीच, नव्या पत्र्याच्या झाकणावर, बसवावा. टाकीला भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे सर्वथा टाळावे. रिकामी दिसणारी टाकी आतील वाफेमुळे अधिक धोक्याची असते. डिझेलला लागणारे भाग जस्त चढविलेले किंवा तांब्याचे नसावेत, कारण हे धातू डिझेल खराब करतात. पॅकिंग डिझेलला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचे घ्यावे. जुन्या पेट्रोल जीपसाठी मात्र पेट्रोलकरिताच बनविलेला स्विच घ्यावा व काम जाणत्या मिस्त्रीकडून करवावे.

जोडणी साधी आहे. चावीच्या स्विचकडून फ्यूजमधून तार दिव्याकडे, तेथून फ्लोट-स्विचकडे व तेथून सांगाड्याकडे न्यावी. दिवा बल्बचा न घेता १२ व्होल्टचा तयार एलईडी घ्यावा. बल्ब पेटताना क्षणभर नेहमीच्या सुमारे दसपट प्रवाह ओढतो व त्यामुळे रीड-स्विचचे नाजूक टोक चिकटून बसण्याचा संभव असतो. एलईडीला धन-ऋण टोकांचा भेद कळतो, हे ध्यानात ठेवावे; काही जुन्या ब्रिटिश वाहनांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, तेथे दिव्याच्या तारा उलट लावाव्या लागतात.

दिवा कोठे लावावा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. नांगरणारा चालक वारंवार मागे वळून पाहतो आणि भर दुपारच्या उन्हात समोरचा लहान दिवा दिसतही नाही. म्हणून तो मडगार्डवर, पत्र्याच्या आडोशात, वळून पाहताना नजरेत येईल असा असावा. इंजिनाच्या आवाजात बारीक घंटीचा उपयोग होत नाही.

पातळी ठरविताना हिशेब करावा. मध्यम ट्रॅक्टरला जड कामात ताशी ४ लिटर लागते असे धरले, तर दीड तासासाठी ६ लिटर व गाळाच्या भीतीने तळाशी सोडावयाचे २ लिटर, मिळून ८ लिटरला दिवा पेटावा. रिकाम्या टाकीत मापाने ८ लिटर ओतून, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, दांडीची लांबी ठरवावी. उतारावर किंवा हादऱ्यांत दिवा लुकलुकू लागला तर तो बिघाड समजू नये. पातळी जवळ आली एवढाच त्याचा अर्थ.

एक उणीव मात्र राहते. न पेटलेला दिवा ‘डिझेल पुरेसे आहे’ असे सांगतो, तसेच ‘तार तुटली आहे’ असेही असू शकते. म्हणून फ्लोट-स्विचला समांतर एक दाबाचे बटण लावावे व रोज सकाळी चावी फिरविल्यावर ते दाबून पाहावे. त्याने दिवा, फ्यूज व तेथवरची तार तपासली जाते, खुद्द फ्लोट नव्हे. त्यासाठी आठवड्यातून एकदा काठी घालून पाहण्याची जुनी रीत चालूच ठेवावी.

दिवा प्रथम पेटेल तेव्हा घड्याळ पाहावे, एक तास काम करावे व काठीने पुन्हा पातळी मोजावी; टाकी कोरडी करून पाहू नये. आलेला आकडा मडगार्डवर रंगाने लिहून ठेवावा, कारण भाड्याने नांगरट करणाऱ्यांकडे चालक हंगामागणिक बदलत असतात.