तापातलं दूध

हमरापूरच्या रस्त्याला घरोघरी ओट्यांवर रंग न चढलेले गणपती वाळत होते. आशाताई पेणच्या त्या बाजूच्या एका वाडीवर निघाल्या होत्या, मी त्यांच्यासोबत. बाळाचा सातवा दिवस, आणि बाळंतिणीला दोन दिवसांपासून सर्दी-ताप.

दारातच आजी म्हणाल्या, "ताप उतरेस्तोवर अंगावर पाजू नको म्हटलंय तिला. दूध बाधेल पोराला." आत बाळ रडून थकलेलं. आईच्या ब्लाऊजवर दुधाचे ओले डाग. ते बघून गलबलून आलं.

ताईंनी आधी साबणानं हात धुतले. काखेत थर्मामीटर लावला, मग झोळीच्या काट्यावर वजन. बाळ निवल्यावर छाती उघडी करून, घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. "४८. साठीच्या आत आहेत." नवजात बाळाच्या घरी जाऊन हे सगळं बघायची रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी बसवली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आता आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते.

"आजी, ताप परवा आला, लागण त्याच्या आधीचीच. तेव्हा बाळ कुशीतच होतं ना? आता तोडून काय मिळणार? उलट त्यावरचं औषध हिच्याच दुधात तयार होतंय."

ताईंचं हे औषध म्हणजे प्रतिपिंडं. आईच्या शरीरात विषाणू ओळखून तयार झालेल्या पेशी रक्तातून स्तनात पोचतात आणि तिथे त्याच विषाणूवरची आयजीए प्रतिपिंडं बनवतात. दुधातून ती बाळाच्या घशाला, आतड्याला अस्तरासारखी लागतात. सर्दी-फ्लूची लागण होते ती शिंकेतून, हातांतून. दुधातून सहसा नाही. म्हणून तर २०२०मध्ये कोरोना झालेल्या आईनंही मास्क लावून पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं.

सगळेच विषाणू सारखे नाहीत. एचआयव्ही असेल तर औषधं आणि डॉक्टरांचा सल्ला हवाच. स्तनावर हर्पिसचे फोड असतील तर त्या बाजूनं पाजायचं नाही. पण रोह्याच्या माझ्या एका नात्यातल्या मुलीला 'बी' कावीळ निघाली, तेव्हा घरच्यांनी पावडरच्या दुधाचा डबा आणून ठेवला होता. बाळाला जन्मल्याबरोबर लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन मिळालं होतं. पाजायला काहीच आडकाठी नव्हती. तरी भीतीपोटी तिचा पहिला चीक वाया गेला. त्याची हळहळ मला अजून आहे.

इथे बाळंतिणीनं हात धुतले, धुतलेली ओढणी नाका-तोंडावर बांधली आणि बाळाला पदराखाली घेतलं. दोनदा तोंड सुटलं. तिसऱ्यांदा ताईंनी बाळाची हनुवटी अलगद टेकवून दिली, आणि गिळल्याचा बारीकसा आवाज येऊ लागला. आजींनी न बोलता पाण्याचा तांब्या सुनेच्या हाताशी आणून ठेवला.