राघू फुगून बसलाय, म्हणजे काय?

शेळी, कोंबडी, दुभती म्हैस यांच्यावर आपण या कार्यक्रमात पुष्कळ बोललो. आज पिंजऱ्यातल्या राघूवर बोलायचं आहे. हसू नका. आमच्या गटातल्या एक मावशी मागच्या थंडीत बचतीच्या बैठकीला आल्या आणि कोपऱ्यात गप्प बसून राहिल्या. हप्त्याची अडचण असेल म्हणून मी विचारलं, तर डोळे भरून म्हणाल्या, "मिठू दोन दिवस बोलत नाही गं. नुसता फुगून बसलाय." अकरा वर्षांचा राघू. काका गेल्यापासून त्या घरात मावशींशी बोलणारं तेवढं एकच.

बैठक आटोपून मी त्यांच्या घरी गेले. पिसं फुलवलेली, डोळे अर्धे मिटलेले, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला. श्वास घेताना शेपूट खालीवर हलत होती. मावशी म्हणाल्या, थंडी बाधली असेल, उद्यापर्यंत बघू.

इथंच आपली चूक होते. पक्षी आजार लपवतो. रानात जो मलूल दिसतो त्याच्यावर शिकारी आधी झडप घालतो, म्हणून अंगात जोर असेपर्यंत तो ठणठणीत असल्यासारखा वागतो. आपल्याला तो आजारी दिसतो तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. पिसं फुलवून सारखं झोपणं, खाणं सोडणं, शेपूट हलवत श्वास घेणं, नाकातून पाणी, तळाशी बसणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

विष्ठाही बघायला शिका. पिंजऱ्याच्या तळाला साधा कागद घातला की कळतं. राघूच्या विष्ठेत तीन गोष्टी असतात: हिरवट गोळी, पांढरा चुन्यासारखा भाग आणि थोडं पाणी. बीट किंवा पपई खाल्ली तर रंग बदलतो, त्याला घाबरू नका. पण पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला, अख्खे दाणे बाहेर पडले किंवा रक्त दिसलं तर कागद तसाच घडी घालून डॉक्टरांना दाखवायला न्या.

आणि वजन. आमच्या पापड उद्योगातला जुना इलेक्ट्रिक काटा मी मावशींकडे नेला. (तो आता पापडाला वापरत नाही, काळजी नसावी.) आपला कंठवाला पोपट साधारण ११० ते १३० ग्रॅम भरतो. मिठू ९४ ग्रॅम भरला. पिसांमुळे तो गुबगुबीत दिसत होता, पण छातीवरून बोट फिरवलं तर मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं. एवढ्या जिवाचे दहा-बारा ग्रॅम कमी होणं म्हणजे माणसाचं पाच-सहा किलो उतरण्यासारखं आहे.

तो खात काय होता? सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे आणि सकाळी मावशींच्या बशीतलं चहाबिस्कीट. प्रेमानं दिलेलं, पण त्यातच घात होता. सूर्यफूल आणि शेंगदाण्यात तेल फार, जीवनसत्त्व अ जवळपास नाही. वर्षानुवर्षं तेच खाल्लं की यकृतावर चरबी चढते, नाकाची आणि तोंडाची आतली कातडी बिघडते, मग जंतू सहज शिरतात. बुरशी धरलेले शेंगदाणे तर विषच. आपण निवडून बाजूला काढलेले काळे, सुरकुतलेले दाणे "राघूला टाक" म्हणतो, ते कधीही करू नका. चहा, चॉकलेट, फरसाण, खारं काही नको. दूधही त्याला पचत नाही.

मग द्यायचं काय? हे आपल्या शेतात, परसातच आहे. मोड आलेले मूग-मटकी, भिजवलेला हरभरा, ज्वारी-बाजरीचं कोवळं कणीस, मक्याचे दाणे. त्याबरोबर रोज काहीतरी हिरवं आणि काहीतरी केशरी: शेवग्याचा पाला, कोथिंबीर, गाजर, लाल भोपळा, पिकली पपई. मिरची चालते. पक्ष्याला मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही आणि तिच्यात जीवनसत्त्व अ भरपूर, तेव्हा आपल्या आज्या मिरची देत होत्या ते बरोबरच होतं. सफरचंद दिलं तर बिया काढून. पेरू बियांसकट चालतो. फवारणीचा भाजीपाला आहे, म्हणून धुतल्याशिवाय काही घालू नका. उकळून वाळवलेलं अंड्याचं टरफल चुरून ठेवलं की चुन्याची गरज भागते.

फक्त एकदम बदल करू नका. बियांवर वाढलेल्या राघूला गाजर हे खाणं आहे हेच कळत नाही, तो उपाशी बसतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू बिया कमी करा. आणि आजारी असताना बदल नकोच, तेव्हा जे खाईल ते खाऊ द्या.

दवाखान्यात पोचेपर्यंत ऊब द्या. पिंजऱ्याला तीन बाजूंनी कापड, एका बाजूला थोडा लांब साठचा पिवळा बल्ब, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. चुलीच्या खोलीत ठेवू नका. पक्ष्याचं फुप्फुस धुराला फार नाजूक असतं. चोचीत जबरदस्तीनं पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. आपली तापाची गोळी नको आणि कोंबड्यांचं औषध अंदाजानं नको.

मावशी मात्र दवाखान्याचं नाव काढल्यावर बिचकल्या. "राघू बघितला तर मलाच धरतील." ही भीती उगाच नव्हती. आपला रानातला पोपट पाळणं, विकणं, ढोलीतून पिल्लू काढणं, सगळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शहरातून आणतात ते छोटे रंगीत बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियाचे, त्यांना ही बंदी नाही. मी मावशींना खोटा धीर दिला नाही. एवढंच म्हटलं, आपण होऊन जाऊ, मी बरोबर येते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तोंडात पाहिलं, टाळूवर पांढरे चट्टे होते. बऱ्याच वर्षांचा निकस आहार आणि त्यावर जंतू, असं त्यांचं मत पडलं. औषध वजनावर, थेंबाच्या हिशेबात दिलं. मग त्यांनी मावशींनाच विचारलं, "तुम्हाला ताप, कोरडा खोकला आहे का?" पोपटाचा एक आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला होतो, तो न्यूमोनियासारखा दिसतो. त्यावर औषध आहे, पण घरात पक्षी आहे हे डॉक्टरला सांगावं लागतं, नाहीतर त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून पिंजरा कोरडा झाडू नका. पाणी शिंपडून, तोंडाला पदर बांधून पुसा. गरोदर बाईनं ते काम करूच नये.

आठव्या दिवशी मिठूनं भोपळ्याची फोड उचलली. तीन आठवड्यांनी ११२ ग्रॅम. मग आम्ही दोघी वनपरिक्षेत्र कार्यालयात गेलो. पिंजऱ्यात वाढलेला राघू नुसता सोडून दिला तर त्याला चारा शोधता येत नाही, कावळे-मांजरं त्याला टिकू देत नाहीत, म्हणून "सोडून दिला, पुण्य लागलं" असं करू नका. तिथल्या साहेबांनी लेखी लिहून घेतलं, दोन शब्द सुनावले आणि राघू ताब्यात घेतला. मावशी एस.टी.त रडल्या. मी काही बोलले नाही.

जनावरांच्या दवाखान्यासाठी १९६२ आणि वनविभागासाठी १९२६ हे फोन क्रमांक आहेत, दोन्ही गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. मावशींनी पिंजऱ्याचं दार काढून टाकलंय, त्यात आता कांदे ठेवतात.