‘जिवाणू-खत’ या संज्ञेविषयी

भाताच्या बियाण्यास वा रोपांच्या मुळांस जे उपयुक्त जिवाणू लावतात, त्यांच्या तयार पुड्यांस मराठीत ‘जिवाणू-खत’ ही संज्ञा रूढ झाली आहे. ती सुटसुटीत आहे खरी. परंतु तिच्यातील दुसरे पद वस्तुस्थितीशी विसंगत असून त्या विसंगतीचे परिणाम शेतापर्यंत पोहोचतात, असे मला वाटते.

खत म्हणजे पिकास पुरविलेले अन्न. ॲझोस्पिरिलमचे तसे नाही. दहा किलो बियाण्यास चोळावयाच्या २५० ग्रॅम पुडीत नत्राचा अंश नगण्यच असतो. मुळांतून पाझरणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांवर हे जिवाणू वाढतात व मग हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करतात. ज्या एंझाइमाने हे घडते ते प्राणवायूने निकामी होते. म्हणून पाणी साचलेले खाचर त्यांना मानवते. तथापि कडधान्यांप्रमाणे भाताच्या मुळांवर गाठी येत नाहीत आणि नत्राचा हा लाभ मर्यादितच राहतो. वाढीचे बरेचसे श्रेय याच जिवाणूंनी स्रवलेल्या इंडोल ॲसिटिक आम्लाकडे जाते. त्यायोगे मुळांना अधिक फाटे फुटतात व जमिनीत आधीच असलेले अन्न रोपास अधिक घेता येते. (‘ॲझो’ हे पद नत्राच्या फ्रेंच नावावरून आले असून त्याचा मूळ ग्रीक अर्थ ‘निर्जीव’ असा आहे, हा योगायोग मौजेचा खराच.)

नाव चुकले म्हणून सर्वत्र बिघडतेच असे नाही. भातखाचरातील नत्र निळ्या-हिरव्या शेवाळामुळे वाढते, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखविले. पुढे पेशीत केंद्रक नसल्यामुळे त्या शेवाळाची गणना जिवाणूंत झाली. मराठीत ते शेवाळच राहिले, आणि त्यात हानी नाही. कारण पाण्यावरचा तो हिरवा थर शेतकरी त्याच नावाने ओळखतो.

‘खत’ या शब्दाने मात्र हानी होते. युरियाची गोणी कोरडी राहिली तर पुढल्या हंगामातही चालते. पुडीतील जिवाणू उन्हात वा मुदतीनंतर मरतात. बुरशीनाशक आधी चोळावे, जिवाणू शेवटी. बी सावलीत सुकवावे. खत समजणाऱ्यास हे नियम अकारण वाटतात. ‘विरजण’ समजणाऱ्यास ते सांगावे लागणार नाहीत, कारण कढत दुधास विरजण कोणी लावीत नाही. शिवाय विरजणाने दुधाची गरज सरत नाही, तशी जिवाणूंनी नत्रखताचीही सरत नाही.

कृषिपुस्तिकांत ‘जिवाणू-संवर्धक’ हा शब्दही आढळतो. तो बरा, पण संवर्धक म्हणजे वाढविणारा की वाढविलेला, हा घोळ त्यात उरतोच. विस्तार-कार्यकर्त्यांनी ‘जिवाणू-विरजण’ हा शब्द एखादा हंगाम वापरून पाहण्यास हरकत नसावी.