भंगार वेळेआधी येतं तेव्हा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्राच्या आकाशातून जळत्या निखाऱ्यांची माळ सरकत गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. फेब्रुवारी २०२१मध्ये सुटलेल्या चिनी 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तो टप्पा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं.

असलं भंगार पडण्याआधीही दिसतं, आणि त्यासाठी वेधशाळा लागत नाही. 'झेनिट' रॉकेटांचे आठ-नऊ टनी रिकामे टप्पे सुमारे ८४० किलोमीटर उंचीवर अजून घिरट्या घालताहेत. ते नुसत्या डोळ्यांनीही सापडतात. दिवेलागणीनंतर आणि पहाटे आपण अंधारात असतो, ते मात्र उन्हात. साध्या ७ बाय ५०च्या द्विनेत्रीतून पाहावं. कोलांट्या खाणारा टप्पा उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. दोन उजळण्यांमधले सेकंद मोजले की त्याच्या गरगरण्याचा अंदाज येतो.

नवशिके आधी मोठ्या आरशाच्या दुर्बिणीमागे लागतात. माझ्या मते आधी घड्याळ नीट लावावं. माझ्या सुरुवातीच्या नोंदी रद्दीत गेल्या, कारण मनगटावरचं घड्याळ चार सेकंद मागे होतं. असली वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटर पळते, म्हणजे चूक झाली तीस किलोमीटरची! नोंदीची रीत सोपी आहे: तिच्या वाटेवरचे दोन ओळखीचे तारे हेरायचे, त्यांना जोडणारी रेघ ती ओलांडते त्या क्षणी स्टॉपवॉच दाबायचं आणि रेघ कुठे कापली ते टिपायचं.

आता गंमत. विरळ हवेच्या घर्षणाने वस्तूचा वेग कमी व्हावा आणि ती उशिरा यावी, असं वाटतं. होतं उलटंच. ती खाली उतरते, खालची कक्षा लहान आणि तिथला वेगही जास्त, म्हणून ती वेळेआधी हजर होते. रोज थोडी आणखी लवकर येऊ लागली, की समजावं, दिवस भरत आले.

हे काम हौशी मंडळींचंही आहे. १९५६ साली खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी अमेरिकेत उपग्रहांवर नजर ठेवणारा 'मूनवॉच' हा उपक्रम सुरू केला. ओळीने टेबलांशी बसून, छोट्या दुर्बिणींच्या आरशांत वाकून पाहणारे स्वयंसेवक त्यात होते. ५ सप्टेंबर १९६२ला 'स्पुटनिक ४' जळत खाली येताना 'मूनवॉच'च्या मिलवॉकीतल्या चमूने पाहिला. त्याचा सुमारे नऊ किलोचा तुकडा विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉकच्या रस्त्यात रुतलेला सापडला.

सहा इंची दुर्बीण असेल तर आणखी वर, सुमारे ३५,८०० किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहांवर नजर टाकता येते. दिवाळीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाआधी, मृग नक्षत्र पश्चिमेकडे कललेलं असतं. त्याच्या पोटातल्या बाणाच्या जरा खाली दुर्बीण रोखा, तिला ताऱ्यांमागे फिरवणारी मोटर बंद करा, कॅमेरा लावून पाच-दहा सेकंदांची छायाचित्रं घेत राहा. ताऱ्यांच्या रेघा उमटतील. एखादा ठिपका जागच्या जागी राहिला, तर तो कार्यरत उपग्रह असण्याची शक्यता जास्त. जो ठिपका छायाचित्रागणिक उत्तर-दक्षिण सरकतो, तो बहुधा निकामी झालेला. त्याची वेळ तेवढी टिपून ठेवा.