एसएनएमपी देखरेख

एसएनएमपी देखरेख म्हणजे राउटर, स्विच, सर्व्हर, यूपीएस इत्यादी उपकरणांची स्थिती एका मध्यवर्ती ठिकाणाहून सतत जाणून घेण्याची पद्धत होय. ती सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल या प्रमाणित संकेतावर आधारलेली असून आद्याक्षरांवरून त्यास 'एसएनएमपी' हे नाव रूढ झाले आहे. उपकरण कोणत्याही कंपनीचे असले तरी त्याला एकाच ठरावीक भाषेत प्रश्न विचारता येतो व त्याचे उत्तर बहुधा एका आकड्यात किंवा छोट्या मजकुरात मिळते, हे या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

सरकारी कार्यालयात किंवा बँकेत 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य नेहमी ऐकू येते. प्रत्यक्षात या एका वाक्यामागे निरनिराळे बिघाड दडलेले असतात : वीज गेलेली असते, जोडणी तुटलेली असते, जोडणी शाबूत असूनही तिच्यावर क्षमतेहून अधिक भार आलेला असतो किंवा सर्व्हरची साठवण भरलेली असते. प्रत्येकाचा उपाय वेगळा व दुरुस्त करणारा माणूसही वेगळा. एसएनएमपी देखरेखीचे प्रयोजन हे बिघाड एकमेकांपासून वेगळे ओळखणे आणि शक्य तेव्हा ते नागरिकाला जाणवण्यापूर्वी लक्षात आणून देणे हे आहे.

जिल्हास्तरीय जाळ्यांतील गरज

भारत सरकारने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली. राज्याचे मुख्यालय, जिल्हे व तालुके किमान २ एमबीपीएस क्षमतेच्या जोडण्यांनी जोडणे हे तिचे उद्दिष्ट होते. या जाळ्यांच्या कामगिरीवर लक्ष ठेवण्यासाठी त्रयस्थ लेखापरीक्षक संस्था नेमण्याची तरतूदही योजनेत होती. महाराष्ट्रातील जाळे 'महाराष्ट्र स्वान' या नावाने ओळखले जाते.

अशा जाळ्याची व्याप्ती सोलापूर जिल्ह्याच्या उदाहरणावरून समजते. जिल्ह्यात ११ तालुके आहेत. उत्तर सोलापूर व दक्षिण सोलापूर या तालुक्यांची मुख्यालये सोलापूर शहरातच आहेत. अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा, पंढरपूर, माळशिरस, सांगोला व मंगळवेढा येथील कार्यालये मात्र दूरवर विखुरलेली आहेत. करमाळा जिल्ह्याच्या ठिकाणापासून १०० किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. तेथील कार्यालयातून उतारे किंवा दाखले मिळेनासे झाले, तर केवळ कारण शोधण्यासाठी तंत्रज्ञाला पाठवण्यात दिवस जातो आणि खेड्यातून आलेल्या माणसाची खेप वाया जाते. बिघाड यूपीएसचा आहे, राउटरचा आहे की जोडणीचा, हे सोलापुरात बसून कळले तर योग्य माणूस योग्य साहित्यासह पहिल्याच फेरीत पोहोचू शकतो.

इतिहास

१९८० च्या दशकात इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांची संख्या वाढू लागली, तेव्हा प्रत्येक कंपनीच्या उपकरणासाठी स्वतंत्र साधन वापरणे अवघड झाले. १९८७ मध्ये राउटरांवर लक्ष ठेवण्यासाठी एसजीएमपी हा संकेत प्रसिद्ध झाला. एप्रिल १९८८ मधील आरएफसी १०५२ या दस्तऐवजात इंटरनेट ॲक्टिव्हिटीज बोर्डाने त्यावर आधारित साधा संकेत तातडीचा उपाय म्हणून स्वीकारण्याची आणि पुढे अधिक व्यापक अशा ओएसआय पद्धतीकडे वळण्याची शिफारस केली. जेफ्री केस, मार्क फेडर, मार्टिन शॉफस्टॉल व जेम्स डेव्हिन यांनी लिहिलेला एसएनएमपीचा आराखडा ऑगस्ट १९८८ मध्ये आरएफसी १०६७ म्हणून प्रसिद्ध झाला. मे १९९० मधील आरएफसी ११५७ हे त्याचे सुधारित रूप होय. तात्पुरता मानलेला हा संकेतच साधेपणामुळे सर्वत्र रुजला.

रचना

या पद्धतीत दोन पक्ष असतात. देखरेख करणाऱ्या मध्यवर्ती संगणकास व्यवस्थापक म्हणतात. प्रत्येक उपकरणात चालणाऱ्या छोट्या आज्ञावलीस एजंट असे नाव आहे. एजंट उपकरणातील मोजमापे वाचतो व विचारल्यावर सांगतो. त्यांचा अर्थ लावण्याचे काम व्यवस्थापकाचे असते.

कोणती गोष्ट विचारायची हे ओआयडी या क्रमांकाने ठरते. जमिनीचा पत्ता जसा जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक अशा क्रमाने नेमका होत जातो, तसाच ओआयडीही पायरीपायरीने नेमका होतो. उदाहरणार्थ, उपकरणाचा व्यवस्थापन-भाग किती काळ अखंड चालू आहे, हे १.३.६.१.२.१.१.३.० या क्रमांकावर मिळते. या क्रमांकांची व त्यांच्या अर्थांची पद्धतशीर सूची म्हणजे एमआयबी. मार्च १९९१ मधील आरएफसी १२१३ ने सर्वसामान्य उपकरणांसाठी एमआयबी-२ ही सूची निश्चित केली. सर्व्हरांतील प्रोसेसर, स्मृती व साठवण यांसाठी आरएफसी २७९० मध्ये, तर यूपीएससाठी आरएफसी १६२८ मध्ये स्वतंत्र सूची आहे. कंपन्यांच्या खास नोंदी १.३.६.१.४.१ या शाखेखाली येतात.

संवादाचे प्रकार

व्यवस्थापक ठरावीक अंतराने प्रश्न विचारतो व एजंट उत्तर देतो, या पद्धतीस पोलिंग म्हणतात. एका नोंदीसाठी 'गेट', पुढील नोंदीसाठी 'गेटनेक्स्ट' व एकाच वेळी अनेक नोंदींसाठी 'गेटबल्क' हे संदेश वापरतात. 'सेट' या संदेशाने उपकरणातील मूल्य बदलता येते. देखरेखीसाठी मात्र त्याची गरज नसते.

काही घटना घडताच एजंट आपण होऊन कळवतो. या संदेशास ट्रॅप म्हणतात. प्रश्न यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर, तर ट्रॅप १६२ क्रमांकाच्या पोर्टवर जातात. यूडीपीमध्ये संदेश पोहोचल्याची हमी नसते. शिवाय वीज अचानक गेली तर उपकरणाला ट्रॅप पाठवण्याचीही सवड मिळत नाही. म्हणून ट्रॅप आला नाही याचा अर्थ सर्व ठीक आहे असा होत नाही. पोलिंग व ट्रॅप या दोन्ही पद्धती एकत्र वापराव्या लागतात. पोच मागणारा 'इन्फॉर्म' हा संदेश दुसऱ्या आवृत्तीपासून उपलब्ध झाला.

आवृत्त्या व सुरक्षितता

पहिल्या आवृत्तीत व १९९६ मधील २सी या आवृत्तीत ओळख पटवण्यासाठी कम्युनिटी स्ट्रिंग हा शब्द वापरतात. तो जाळ्यातून उघड स्वरूपात जातो. त्यामुळे वाटेत संदेश वाचू शकणाऱ्या कोणालाही तो मिळतो. अनेक उपकरणांत वाचनासाठी 'पब्लिक' व बदलासाठी 'प्रायव्हेट' हे शब्द आधीपासून भरलेले असत. ते न बदलणे म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली चौकटीला टांगण्यासारखे आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठाच्या चाचण्यांतून अनेक कंपन्यांच्या पहिल्या आवृत्तीच्या अंमलबजावणीत गंभीर दोष असल्याचेही उघड झाले.

डिसेंबर २००२ मध्ये आरएफसी ३४११ ते ३४१८ या दस्तऐवजांद्वारे तिसरी आवृत्ती पूर्ण मानक ठरली. तीत प्रत्येक वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड असतो, संदेशाची सत्यता तपासली जाते आणि मजकूर कूटबद्ध करता येतो. जुना संदेश पकडून पुन्हा पाठवण्याचा प्रयत्न रोखण्यासाठी १५० सेकंदांची कालमर्यादा पाळली जाते. नव्या मांडणीत तिसरी आवृत्तीच, तीही सत्यता-तपासणी व कूटबद्धता या दोहोंसह, वापरणे योग्य ठरते.

मांडणीचे टप्पे

१. उपकरणांची यादी करणे. प्रत्येक उपकरणाचे नाव, ठिकाण व जबाबदार व्यक्तीचे पद यांची नोंद एजंटमध्येही भरता येते. रात्री सूचना आली असता ही नोंद उपयोगी पडते.

२. व्यवस्थापनासाठी जाळ्याचा वेगळा भाग राखणे व सर्व उपकरणांची घड्याळे एकाच वेळेशी जुळवणे. वेळ जुळत नसेल तर कोणती घटना आधी घडली हे ठरवता येत नाही.

३. उपकरणावर तिसऱ्या आवृत्तीचा, केवळ वाचनाचा अधिकार असलेला वापरकर्ता तयार करणे. प्रश्न फक्त देखरेख सर्व्हरच्या पत्त्यावरूनच स्वीकारले जावेत. पहिली व २सी आवृत्ती बंद ठेवावी.

४. सर्व्हरवर एजंट बसवणे. लिनक्समध्ये 'नेट-एसएनएमपी' हा संच प्रचलित आहे. काही लिनक्स वितरणांत तो सुरुवातीला फक्त त्याच यंत्रातून आलेल्या प्रश्नांना उत्तर देतो. त्यामुळे ऐकण्याचा पत्ता बदलावा लागतो. विंडोजमधील अंगभूत सेवा तिसऱ्या आवृत्तीस आधार देत नाही. तेथे वेगळा एजंट वापरणे इष्ट.

५. फायरवॉलमध्ये देखरेख सर्व्हरकडून उपकरणांकडे १६१ व उपकरणांकडून सर्व्हरकडे १६२ एवढीच वाट मोकळी करणे. हे पोर्ट इंटरनेटवरून कधीही खुले नसावेत. 'गेटबल्क'च्या छोट्या प्रश्नाला मिळणाऱ्या मोठ्या उत्तराचा उपयोग करून तिसऱ्याच यंत्रावर माहितीचा भडिमार करता येतो.

६. उपकरणाचे नाव विचारून चाचणी घेणे. २सी आवृत्तीत कम्युनिटी स्ट्रिंग चुकल्यास एजंट बहुधा गप्प राहतो. त्यामुळे उत्तर न येण्याचे कारण बंद उपकरण, अडवणारी फायरवॉल किंवा चुकीचा शब्द यांपैकी कोणतेही असू शकते.

७. झॅबिक्स, लिब्रेएनएमएस, कॅक्टाय यांसारख्या मुक्त आज्ञावलीत उपकरणांची नोंद करून पोलिंग, आलेख व सूचना सुरू करणे.

८. एखादी केबल मुद्दाम काढून व यूपीएसचा वीजपुरवठा क्षणभर तोडून सूचना खरोखर येते का, हे पाहणे. या चाचणीशिवाय मांडणी पूर्ण झाली असे मानता येत नाही.

आकड्यांचा अर्थ

जोडणीवरून गेलेल्या बाइटांची नोंद सतत वाढत जाणाऱ्या गणकात होते. एकट्या आकड्यावरून काही कळत नाही. दोन वेळच्या नोंदींतील फरक काढावा लागतो. समजा, सकाळी १० ते १०.०५ या ३०० सेकंदांत गणक ६ कोटींनी वाढला. एका बाइटचे ८ बिट धरल्यास ४८ कोटी बिट होतात. त्यांना ३०० ने भागल्यावर सेकंदाला १६ लाख बिट, म्हणजे १.६ एमबीपीएस हा वेग निघतो. २ एमबीपीएसच्या जोडणीचा हा ८० टक्के वापर होय. अशी जोडणी 'डाउन' नसते. तरीही गर्दीच्या वेळी तिच्यावरील काम मंदावू लागते.

जुने गणक ३२ बिटांचे असून ४,२९,४९,६७,२९६ या संख्येला पोहोचताच पुन्हा शून्यावर येतात. १०० एमबीपीएसने पूर्ण भरून वाहणाऱ्या जोडणीवर हे सुमारे ५ मिनिटे ४४ सेकंदांत, तर १ जीबीपीएसच्या जोडणीवर सुमारे ३४ सेकंदांत घडते. ५ मिनिटांच्या पोलिंगमध्ये अशा वेळी सर्वस्वी चुकीचा वेग दिसतो. यासाठी वेगवान जोडण्यांवर ६४ बिटांचे गणक वाचावे. पहिल्या आवृत्तीत ते वाचता येत नाहीत. उपकरण चालू असल्याचा कालावधी सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजला जातो व सुमारे ४९७ दिवसांनी तोही शून्यावर येतो. त्यामुळे तो शून्यावर आला म्हणजे उपकरण बंद पडून पुन्हा सुरू झाले, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही.

सूचना व मर्यादामूल्ये

कोणत्या आकड्याला धोक्याचे मानायचे, हे त्या ठिकाणाच्या नेहमीच्या स्थितीवरून ठरवावे लागते. पंढरपुरात आषाढी एकादशीच्या सुमारास जाळ्यावरील वाढलेला भार अपेक्षित असतो. तोच भार एरवीच्या मध्यरात्री दिसला तर चौकशी आवश्यक ठरते. सोलापुरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उष्णतेने यूपीएसमधील बॅटऱ्यांचे आयुष्य घटते. म्हणून अशा प्रदेशात खोलीचे व बॅटरीचे तापमान, यूपीएस बॅटरीवर चालत आहे का आणि तो आणखी किती मिनिटे चालेल, या नोंदी जोडणीच्या नोंदींइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

एक मुख्य जोडणी तुटली की तिच्या पलीकडील सर्व उपकरणे एकदमच निरुत्तर होतात. कोणते उपकरण कोणामागे आहे हे देखरेख आज्ञावलीत नोंदवले, तर अनेक सूचनांऐवजी मूळ बिघाडाची एकच सूचना मिळते. अकारण सूचनांचा मारा झाल्यास कर्मचारी त्यांकडे दुर्लक्ष करू लागतात व खरी सूचनाही त्यात हरवते.

मर्यादा

पाच मिनिटांच्या पोलिंगमध्ये दिवसाला २८८ नोंदी होतात. दोन नोंदींच्या मधला अल्पकाळचा खंड त्यात दिसेलच असे नाही. सेवापातळीचा हिशेब करताना याचे भान ठेवावे लागते. ३० दिवसांत ९९ टक्के उपलब्धता म्हणजे ७ तास १२ मिनिटे, तर ९९.५ टक्के उपलब्धता म्हणजे ३ तास ३६ मिनिटे बंद राहण्याची मुभा होय. कामाच्या वेळेतील तास व रात्रीचे तास यांचा हिशेब वेगळा न ठेवल्यास टक्केवारी समाधानकारक दिसूनही कार्यालयाचा सारा दिवस वाया गेलेला असू शकतो.

सर्व्हर चालू आहे हे एसएनएमपी सांगते. त्यावरील संकेतस्थळावरून दाखला निघतो का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी सेवेची स्वतंत्र चाचणी घ्यावी लागते. देखरेख सर्व्हरच बंद पडला तर सूचना थांबतात आणि सारे सुरळीत असल्याचा भास होतो. म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवणारी दुसरी व्यवस्था अन्यत्र असणे आवश्यक असते. उपकरणांची मांडणी बदलण्यासाठी २००६ पासून नेटकॉन्फ हा वेगळा संकेत उपलब्ध आहे व मोठ्या जाळ्यांत उपकरणांकडून सतत माहिती पाठवण्याच्या नव्या पद्धतीही वापरात आल्या आहेत. तथापि निरनिराळ्या कंपन्यांची नवी-जुनी उपकरणे एकत्र असलेल्या जाळ्यांत एसएनएमपीचा वापर आजही मोठ्या प्रमाणावर होतो.