एक कीबोर्ड, अनेक हात

वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, निरोप जातो : कोणती पट्टी दाबली, किती जोराने, कधी सोडली. आवाज काढायचा तो निरोप घेणाऱ्या मुख्य कीबोर्डनेच.

● जन्म : जानेवारी १९८३, अमेरिकेतील नॅम हे वाद्यांचे प्रदर्शन. सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून वाजवले गेले.

● ओळखीचा पाहुणा : आपल्या ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅड. रोलंडच्या १९८५ मधल्या पहिल्या मॉडेलला स्वतःचा आवाजच नव्हता. तो निव्वळ कंट्रोलर, म्हणजे फक्त निरोप पाठवणारा, होता.

● चॅनेल : एका तारेत १६. पियानो चॅनेल १ वर ठेवा, मुख्य कीबोर्डच्या वर ठेवलेल्या छोट्या कंट्रोलरला २ द्या आणि त्यावर ऑर्गन लावा. दोन्ही हात मोकळे.

● नॉब, स्लायडर, पेडल : किंमत ० ते १२७. संदेश क्रमांक ७ म्हणजे व्हॉल्यूम, ११ एक्स्प्रेशन, ६४ सस्टेन.

● जोडणी : पाच पिनांची गोल तार कंट्रोलरच्या ‘आउट’मधून कीबोर्डच्या ‘इन’मध्ये. कंट्रोलरला फक्त यूएसबी असेल, तर कीबोर्डला ‘यूएसबी होस्ट’ सॉकेट आहे का ते पाहा. नसल्यास मध्ये होस्टची वेगळी पेटी लागते.

● कार्यक्रमाआधी : सेटिंग सेव्ह करा, जादा तार जवळ ठेवा. एखादा सूर अडकून वाजतच राहिला, तर ‘पॅनिक’ बटण कुठे आहे हे अंधारातही सापडायला हवे.